दात असलेल्यांसाठी लिहिलेला आहारतक्ता : ओपिऑइड उपचारकेंद्रातील दंत व आहार सल्ला सेवेचे परीक्षण

ओपिऑइडच्या, म्हणजे अफू-हेरॉइनसारख्या पदार्थांच्या, व्यसनावरील बुप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी जिभेखाली ठेवून ती विरघळेपर्यंत गप्प बसण्याची मला आता सव्वातीन वर्षांची सवय झाली आहे. ज्या केंद्रात मी हे औषध घेतो, तेथे चौदा महिन्यांपूर्वी दंत व आहार सल्ला सेवा सुरू झाली आणि तेव्हापासून मी तिचा नियमित रुग्ण आहे. या सेवेबद्दल लिहावेसे वाटले त्याची कारणे दोन. दाताचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ एकाच खोलीत, एकाच रुग्णासमोर, एकाच वेळी बसलेले मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. आणि या सेवेने माझ्या हाती ठेवलेला पहिला आहारतक्ता वाचून मला हसू आले होते, कारण त्यातील निम्मे पदार्थ चावण्यासाठी लागणारे दात माझ्या तोंडात नव्हते. केंद्राचे नाव मी मुद्दामच देत नाही. तेथे येणाऱ्या इतर रुग्णांची ओळख जपणे हा त्यातला एक भाग. शिवाय खाली जे गुणदोष सांगितले आहेत ते अशा कोणत्याही सेवेत सापडतील असे मला वाटते.

सेवेचे स्वरूप साधे आहे. महिन्यातून दोन दिवस, औषधवाटपाच्या खिडकीपलीकडच्या खोलीत, दंतवैद्य, त्यांच्या साहाय्यक बाई आणि आहारतज्ज्ञ असे तिघे बसतात. पहिली भेट पाऊण तासाची असते व पुढच्या भेटी वीस-पंचवीस मिनिटांच्या. तपासणी, दात साफ करणे, फ्लोराइडचा लेप, लहान खड्डे भरणे आणि दात काढणे एवढे तेथेच होते. रूट कॅनॉल आणि कवळी यांसाठी चिठ्ठी देऊन बाहेर पाठवतात, आणि त्या ‘बाहेर’बद्दल पुढे लिहायचेच आहे.

पहिल्या भेटीत विचारलेल्या प्रश्नांवरूनच ही सेवा कोणी तरी विचार करून उभी केली आहे हे लक्षात आले. दिवसातून किती वेळा ब्रश करता, हा प्रश्न चौथा होता. पहिला प्रश्न होता, गोळी किती वाजता घेता आणि ती विरघळल्यानंतर लगेच काय करता. दुसरा, रात्री झोपेत तोंड कोरडे पडून जाग येते का. तिसरा, दिवसभरात तोंडात काही गोड जाण्याचे प्रसंग किती. त्याआधी मी एका दंतवैद्यांकडे दाढ दुखते म्हणून गेलो होतो. औषधांच्या रकान्यात बुप्रेनॉर्फिन हा शब्द वाचल्यावर त्यांनी हातमोजे न घालताच दुरून तोंडात डोकावून पाहिले होते आणि ‘तुमच्यासारख्यांचे दात असेच असतात’ असे म्हणून दाढ काढण्याची तारीख दिली होती. त्या तारखेला मी गेलो नाही. दुखणे दोन आठवड्यांत थांबले, म्हणजे दाढेची नस मेली, हे मला पुष्कळ नंतर कळले.

दात ‘असेच’ का होतात, हे या सेवेतील दंतवैद्यांनी मला जितक्या सविस्तर समजावले तितके तोवर कोणीच समजावले नव्हते. ओपिऑइड गटातील द्रव्ये, मग ती नशेसाठी घेतलेली असोत की उपचारासाठी, लाळ कमी करतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नकण धुऊन नेते, आम्लाची तीव्रता मारते आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट दाताच्या वरच्या कवचाची रोजची बारीक झीज भरून काढतात. लाळ आटली की ही तिन्ही कामे एकदम थंडावतात. दुसरी गोष्ट वेदनेची. हेरॉइनसारख्या पदार्थाच्या अंमलाखाली वर्षानुवर्षे दात किडत राहतो आणि माणसाला ते जाणवत नाही. मग उपचार सुरू होतो, मात्रा स्थिरावते, डोके ताळ्यावर येते आणि त्याच सुमारास तोंडातले सगळे जुने हिशेब एकदम समोर येतात. पुष्कळांना वाटते की दात औषधाने बिघडवले. तसे पूर्णपणे नसते, आणि औषध निर्दोष असते असेही नाही.

या ठिकाणी मी जरा थांबणार आहे, कारण सेवेतील सर्वांत उपयोगी सल्ला येथेच मिळाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये, तोंडात विरघळवून घ्यायच्या बुप्रेनॉर्फिनबाबत दातांविषयीचा इशारा प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे नोंदलेल्या व वैद्यकीय साहित्यात आढळलेल्या दंतविकारांच्या ३०५ घटना त्यात मोजल्या होत्या आणि त्यांपैकी १३१ गंभीर मानल्या होत्या. पूर्वी दातांची काहीही तक्रार नसलेले रुग्णही त्यांत होते. त्याच इशाऱ्यात, औषधाचे फायदे या जोखमीहून स्पष्टपणे मोठे आहेत आणि दातांच्या भीतीने कोणी ते बंद करू नये, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले होते. ही गोळी किंवा पट्टी (तोंडात विरघळणारी पातळ फीत) आम्लधर्मी असते. बुप्रेनॉर्फिन व नॅलोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम रोखणारे द्रव्य) यांची पट्टी पाण्यात विरघळवली तर द्रावणाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) ३.४ च्या आसपास भरतो, आणि दाताचे कवच तर सामू ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागते. म्हणजे रोज पाच-दहा मिनिटे, आधीच लाळ कमी असलेल्या तोंडात, आपण दातांच्या आतल्या बाजूला आम्ल धरून बसतो. माझ्या खालच्या दातांची जिभेकडील बाजू सर्वांत अधिक झिजलेली का, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

उपाय इतका साधा आहे की तो औषधाच्या पहिल्या दिवशी कोणी सांगितला नाही याचा राग येतो. गोळी पूर्ण विरघळली की पाण्याचा मोठा घोट घ्यायचा, तो दात आणि हिरड्यांभोवती हळुवार फिरवायचा आणि गिळून टाकायचा. त्यानंतर किमान एक तास ब्रश करायचा नाही, कारण आम्लाने नरम पडलेल्या कवचावर ब्रश घासला तर ते आणखी झिजते. मी दोन वर्षांहून अधिक काळ नेमके उलटे करत होतो. गोळीची कडवट चव जावी म्हणून केंद्रातून घरी पोहोचताच, विसाव्या मिनिटाला, कडक ब्रशने खसाखसा दात घासत होतो आणि आपण दातांची केवढी काळजी घेतो आहोत असे समजत होतो! साहाय्यक बाईंनी माझ्या दिवसाचे वेळापत्रक लिहून घेतले आणि सकाळचा ब्रश उठल्याबरोबर, म्हणजे गोळीच्या बराच आधी, आणि दुसरा रात्री झोपताना, अशी मांडणी करून दिली. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याखेरीज काहीही तोंडात जाऊ द्यायचे नाही, हा नियम त्यांनी तीनदा सांगितला.

मात्र याच सल्ल्याच्या बाबतीत केंद्राची पहिली मोठी त्रुटी आहे. खोलीत सल्ला मिळतो की गोळी विरघळताच पाणी तोंडात फिरवा, आणि खोलीबाहेर, जेथे चाळीस-पन्नास माणसे रोज गोळी घेतात, त्या खिडकीपाशी पिण्याचे पाणी नाही. पाण्याचे यंत्र जिना उतरून खाली आहे. गोळी पूर्ण विरघळेपर्यंत कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर बसावे लागते, जे योग्यच आहे. पण त्यानंतरचा पाण्याचा घोट ही त्याच प्रक्रियेची शेवटची पायरी असायला हवी होती. मी तीन वेळा लेखी सूचना केली. ‘औषधवाटप हा वेगळा विभाग आहे’ असे उत्तर मिळाले. आता मी बाटली बरोबर नेतो. जे दंतसेवेत येत नाहीत त्यांना मात्र बाटली न्यावी हे सांगणारे कोणी नाही, आणि केंद्रात येणाऱ्यांपैकी दंतसेवेपर्यंत पोहोचणारे थोडेच आहेत.

मेथाडोन हे याच व्यसनावरचे दुसरे औषध घेणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. माझा एक मित्र त्याच केंद्रात मेथाडोनचे द्रावण घेतो. या द्रावणाचे काही प्रकार साखरेच्या पाकात केलेले असतात. ते दाट असण्यामागे, कोणी ते सुईने टोचून घेऊ नये, हाही विचार असतो. रोज एक मात्रा म्हणजे रोज एकदा पाक, आणि तोही कोरड्या तोंडात. सेवेतील दंतवैद्यांनी त्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून साखरविरहित द्रावण मागवले आणि ते मिळाले. साखरविरहित म्हणजे निर्धोक नव्हे, कारण तेही आम्लधर्मी असू शकते आणि तोंडाचा कोरडेपणा तसाच राहतो, हेही त्याला तेव्हाच बजावले. त्याने मागे एकदा, महिन्याला एकदा घ्यायच्या बुप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनबद्दल विचारले होते. असे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झाले आणि त्यात औषधाचा दातांशी थेट संबंध येत नाही. पण केवळ दातांसाठी, नीट बसलेली उपचारपद्धती बदलू नये, तो निर्णय व्यसनउपचाराच्या डॉक्टरांचा, असे त्याला सांगण्यात आले. आपल्या अधिकाराची कड कोठे संपते हे ओळखणारा सल्लागार मला आवडतो.

आता आहाराकडे वळतो. या भागाबद्दल माझे मत एकसंध नाही.

ओपिऑइड उपचारात असलेल्या माणसांना गोड खाण्याची ओढ असते, हे आमच्यापैकी प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक आहे. मेंदूतील ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) हे पदार्थ काम करतात, त्यांचा खाण्यातल्या सुखाशी, विशेषतः गोड चवीशी, संबंध आहे; तलफ आली की तोंडात काही गोड टाकले तर ती क्षणभर मावळल्यासारखी वाटते. त्यात भर म्हणजे कोरडे तोंड ओले ठेवण्यासाठी माणूस गोळ्या चघळतो, शीतपेयांचे घोट घेतो. पहिल्या वर्षी माझे वजन अकरा किलोंनी वाढले. आमच्या गटसभेच्या खोलीत, मध्यभागी, टॉफ्यांनी भरलेला वाडगा ठेवलेला असतो, आणि एखाद्याने शंभर दिवस पूर्ण केले की केक कापला जातो. केंद्राचा एक हात दात भरतो आणि दुसरा वाडगा भरतो, असे मी एकदा त्या सभेत म्हणालो तेव्हा सगळे हसले. वाडगा अजून तेथेच आहे.

आहारतज्ज्ञ बाईंनी गोडावर बंदी घातली नाही, ही त्यांच्या कामातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही आधीच एक फार मोठी गोष्ट सोडली आहे, दुसरी आजच सोडा असे मी म्हणणार नाही. आपण फक्त ती किती वेळा येते ते मोजू.’ मग त्यांनी मला एक आठवडा नोंद ठेवायला लावली. गोड चहा-कॉफी, शीतपेय, टॉफी, बिस्कीट, खोकल्याची गोळी, जे काही गोड तोंडात जाईल त्यासमोर वेळ लिहायची. माझे प्रसंग सरासरीने दिवसाला सतरा भरले. प्रत्येक वेळी गोड खाल्ले की दातांवरच्या थरातील जिवाणू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात, आणि सामू पुन्हा मूळ पातळीवर यायला अर्धा ते एक तास लागतो. लाळ कमी असेल तर त्याहूनही जास्त. सतरा प्रसंग म्हणजे जागेपणी दातांना सावरायला उसंतच नाही. तीच साखर जेवणाबरोबर तीन-चार प्रसंगांत घेतली तर दातांना मध्ये मोकळे तास मिळतात. प्रमाणाचे बंधनही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वरून घातलेली व तत्सम मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात सुमारे ५० ग्रॅम, अदमासे बारा चमचे; आणि त्याच्याही निम्म्यावर आणता आली तर अधिक चांगले. माझ्या नोंदवहीतून निघालेला आकडा सव्वीस चमच्यांचा होता. तरीही त्यांनी आधी वेळांना हात घातला आणि चमचे नंतर मोजले.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली याला किडीच्या बाबतीत मोठे महत्त्व आहे, हे ज्ञान जेथून पक्के झाले त्याचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ नंतरच्या काही वर्षांत, मतिमंद व्यक्तींसाठी असलेल्या एका संस्थेत, तेथील रहिवाशांना दोन जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफ्या खायला देऊन त्यांचे दात किती किडतात हे पाहण्यात आले. त्या माणसांची संमती कोणी घेतली नव्हती. संस्थेच्या भिंतीआड असलेल्या, ज्यांना कोणी विचारत नाही अशा माणसांच्या तोंडातून जगाला हा धडा मिळाला आहे, हे ऐकल्यापासून गटसभेतील तो वाडगा मला अधिकच खटकतो.

आता तो आहारतक्ता. छापील, दोन रंगांत, नीटनेटका. त्यात कच्च्या गाजर-काकडीची कोशिंबीर, सालासकट सफरचंद, मूठभर बदाम व शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये आणि भरड धान्ये यांची शिफारस होती. कारणेही दिलेली होती आणि ती खरी होती. ओपिऑइड औषधांनी आतड्यांची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठता जवळजवळ सर्वांनाच होते, त्यावर तंतुमय पदार्थ हवेत. चावण्याने लाळ सुटते. आणि वर्षानुवर्षे हाल झालेल्या शरीराला प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे यांची गरज असते. हे सारे मान्य. पण माझ्या तोंडात त्या वेळी वरच्या बाजूला एकही दाढ शाबूत नव्हती आणि खालच्या दोन दाढांना एकमेकींचा आधार होता तेवढाच. बदाम मी शेवटचा कधी चावून खाल्ला ते मला आठवत नव्हते. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या दंतवैद्यांनी दहाच मिनिटांपूर्वी माझ्या तोंडाचा नकाशा काढून त्यावर नऊ फुल्या मारल्या होत्या. तो नकाशा आणि हा तक्ता टेबलावर शेजारी-शेजारी पडलेले असताना दोघांनी एकमेकांचे कागद पाहिले नव्हते.

मी हे बोलून दाखवले तेव्हा आहारतज्ज्ञ बाई काही क्षण गप्प राहिल्या, मग त्यांनी तक्ता परत घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने नवा लिहिला. मऊ शिजवून घोटलेल्या डाळी, अंडी, दही, काटे काढलेला मासा, वाफवून कुस्करलेल्या भाज्या, किसलेले फळ, पिकलेले केळे, रात्रभर भिजवून शिजवलेला ओट्स, दाण्यांऐवजी त्यांचे बारीक कूट, आणि दिवसभर थोडे थोडे पाणी. तंतू तेच, प्रथिनेही तीच, फक्त चावण्याचे काम पातेल्याकडे आणि किसणीकडे दिलेले. दात नसलेला माणूस आपसूकच मऊ अन्नाकडे वळतो आणि बाजारात तयार मिळणारे मऊ अन्न बहुधा मैद्याचे आणि साखरेचे असते. त्यातून उरलेले दातही जातात, मग अन्न आणखी मऊ होते. हे चक्र त्यांनी त्या कागदाच्या कोपऱ्यात बाणांनी काढून दाखवले. तो हस्तलिखित कागद मी अजून जपून ठेवला आहे आणि चारजणांना त्याच्या प्रती दिल्या आहेत. छापील तक्ता मात्र आजही नव्या रुग्णांना तोच दिला जातो. उपचार घेणाऱ्या माणसांसाठी चालवलेल्या सेवेत, दात असलेल्या माणसासाठी लिहिलेला तक्ता हा मूळ मसुदा असावा आणि आमच्यासाठीचा तक्ता मागच्या बाजूला, विचारल्यावर, असावा, याबद्दल माझी या सेवेविषयीची सर्वांत मोठी तक्रार आहे.

एका बाबतीत त्यांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले पाहिजे. हिरड्यांतून रक्त येते म्हणून मी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. बाईंनी त्या बंद करायला लावल्या नाहीत, पण आमच्यासारख्या रुग्णांत या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, तरी बहुतेक वेळा रक्त येते ते दातांच्या मुळाशी साचलेल्या थरामुळे आणि त्याला ब्रशखेरीज औषध नाही, असे सरळ सांगितले. दात साफ करून घेतल्यावर तीन आठवड्यांत रक्त थांबले.

प्रत्यक्ष उपचारांबद्दल थोडक्यात लिहितो. दर तीन महिन्यांनी ५ टक्के सोडियम फ्लोराइडचा लेप लावतात. तो लावल्यावर दात काही तास पिवळसर दिसतात, घाबरू नये. रोजच्या वापरासाठी ५००० पीपीएम (दहा लाख भागांत ५००० भाग) फ्लोराइडची टूथपेस्ट लिहून दिली, जी नेहमीच्या १४५० पीपीएमच्या पेस्टहून तीनपटींपेक्षा तीव्र असते आणि लहान मुलांच्या हाती लागू नये. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा पण चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. ही सवय लावायला मला महिना लागला. माझ्या तीन खड्ड्यांवर ड्रिलऐवजी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव्य लावले. ते कीड जागच्या जागी थांबवते, वेदना होत नाही आणि खर्चही कमी. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो. दंतवैद्यांनी आधी आरसा हातात देऊन, काळा डाग कोठे दिसेल ते दाखवून, मगच संमती घेतली. मागच्या दाढांसाठी मी होकार दिला, पुढच्या दातासाठी दिला नाही, आणि दोन्ही निर्णयांबद्दल त्यांनी एक अक्षरही सुनावले नाही. कोरड्या तोंडासाठी झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड द्रव्याचा साखरविरहित च्युइंगगम सुचवला, जो चघळायला मला एकच बाजू उपलब्ध आहे, तरी उपयोग होतो. (घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल त्याच्यापासून दूर ठेवावे, त्याला ते विषासमान आहे.) अल्कोहोल असलेला माउथवॉश मात्र त्यांनी स्पष्टपणे वर्ज्य सांगितला, कारण तो तोंड आणखी कोरडे करतो, आणि आमच्यापैकी काहींच्या घरात अल्कोहोलची बाटली कोणत्याही नावाने नसलेलीच बरी.

दात काढण्याची भीती आमच्यात दुहेरी असते. एक, भूल लागणार नाही अशी. दुसरी, नंतर वेदनाशामक म्हणून पुन्हा ओपिऑइड हातात पडेल आणि पाय घसरेल अशी. या दोन्ही भीतींना येथे नीट उत्तर मिळते. दात बधिर करण्याचे इंजेक्शन वेगळ्या तऱ्हेने काम करते आणि बुप्रेनॉर्फिनने ते निकामी होत नाही. दात काढण्याच्या दिवशी गोळी नेहमीप्रमाणे घ्यायची, ती चुकवायची नाही. नंतरच्या दुखण्यासाठी मला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल वेळापत्रक आखून एकत्र दिले, आणि दोन दाढा एकाच दिवशी काढूनही तेवढे पुरले. अर्थात हे माझ्यापुरते. पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा, यकृताचा विकार असलेल्यांनी आधी सांगावे, आणि आमच्यात यकृताचे विकार पुष्कळांना असतात. मेथाडोन घेणाऱ्यांच्या बाबतीत काही प्रतिजैविके व बुरशीरोधक औषधे हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात, म्हणून दंतवैद्य परस्पर चिठ्ठी न लिहिता आधी आतल्या डॉक्टरांना फोन करतात. ओपिऑइडचा परिणाम अडवणाऱ्या नॅलट्रेक्सोन या औषधावर असलेल्यांना ओपिऑइड वेदनाशामके लागूच पडत नाहीत, हेही त्या खोलीतल्या सर्वांना ठाऊक आहे. बाहेरच्या दवाखान्यात हे सारे रुग्णालाच समजावून सांगावे लागते, आणि ते सांगताना समोरच्याचा चेहरा बदलताना पाहावा लागतो.

सेवेच्या कारभाराबद्दल मात्र फारसे चांगले लिहिता येत नाही. महिन्यातून दोनच दिवस, तेही कामाच्या वेळेत. नुकतीच नोकरी धरलेल्या माणसाने, रोज गोळीसाठी उशीर झाल्यावर, दातांसाठी आणखी अर्धा दिवस कोठून आणावा? दोन वेळा हजेरी चुकली की नाव यादीच्या तळाशी जाते. हा नियम कोणत्याही दवाखान्यात समजण्यासारखा आहे. पण ज्यांच्या आयुष्यातील घडी अजून बसायची आहे अशांसाठीच ही सेवा असेल, तर तो नियम नेमक्या गरजू माणसालाच बाहेर काढतो. माझा मेथाडोन घेणारा मित्र असाच यादीच्या तळाशी गेला आणि पुन्हा वर यायला त्याला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत त्याचा सुळा गेला.

दुसरी उणीव कवळीची. दात काढण्यापर्यंत सेवा आपली आणि दात बसवण्याची वेळ आली की ‘बाहेर’. काढलेल्या दातांच्या जागा रिकाम्या ठेवून आहाराचा सल्ला देत राहणे यात जी विसंगती आहे ती सेवेतील तिघांनाही कळते. निधी नाही, असे ते खांदे उडवून सांगतात. मला ज्या दवाखान्याकडे पाठवले तेथील वागणूक ठीक होती, पण मापे घेण्यापूर्वी हिरड्या भरून येण्यासाठी थांबणे, मग मापे, मग पुन्हा तारीख, असे करत सात महिने गेले आहेत.

तरीही, ओपिऑइडवरील उपचार घेत असलेल्या कोणाच्या केंद्रात अशी सेवा असेल तर त्याने औषधाच्या पहिल्या आठवड्यातच तेथे नाव घालावे, दुखायला लागण्याची वाट पाहू नये, आणि आहारतक्ता हाती पडताच आपल्याला काय चावता येते व काय येत नाही हे मोकळेपणाने सांगावे. पाचपैकी मी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण छापील तक्त्यासाठी कापला आहे, अर्धा हजेरीच्या नियमासाठी आणि अर्धा खिडकीपाशी नसलेल्या पाण्यासाठी. माझी वरची कवळी पुढच्या महिन्यात मिळायची आहे. ती बसल्यावर छापील तक्त्यातले काय काय खाता येते ते पाहून या परीक्षणात भर घालीन.